वाडा राजाचा, भिंत कोणाची ?

सुटीच्या दिवशीं कोठें जावें असें विचारलें, तर आमच्या खेड्यांतला माणूस देवाचें ठिकाण सांगतो, बाजाराचें सांगतो किंवा सोयऱ्याचें गांव सांगतो. जुना राजवाडा पाहावयास जाऊं, असें तो सहसा म्हणत नाहीं. ‘राजाचा वाडा पाहून आपल्याला काय मिळायचें ? तो त्यांचा, आपलें खोपट आपल्याला बरें,’ हें त्याचें उत्तर. यांत मोठें शहाणपण आहे असें त्यास वाटतें. आमच्या मतें यांत त्याचा मोठा तोटा आहे. तो कसा, हेंच आज आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढें मांडावयाचें आहे.

आम्ही बेलापुरास मुलें शिकवितों. यंदां सातवीच्या मुलांस घेऊन राहुरीवरून नगरास गेलों व तेथील फराबाग पाहिला. नगर शहराच्या आग्नेयेस थोड्या अंतरावर हा महाल आहे. मधोमध आठ बाजूंची, दोन मजल्यांची, उंच कमानींची दगडचुन्याची इमारत आणि तिच्या सभोंवतीं विस्तीर्ण तळें. भोंवतीं बाग व मध्यें पाणी असल्यामुळें भर उन्हाळ्यांतहि वाऱ्याची झुळूक आंत येई ती थंड होऊन येई, अशी ही योजना. आज बाग नाहीं, तळें बहुतेक कोरडें असतें, व ओसाड कमानींतून पारवे उडतात.

मुलांस आम्हीं नेहमींप्रमाणें सनावळी सांगितली. मलिक अहमदानें १४९० सालीं भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला व पुढें त्याच भागांत नगर शहर वसविलें. त्याचा पणतू मुर्तजा निजामशहा यानें १५६५ पासून १५८८ पर्यंत राज्य केलें. तो एकांतांत राही, लोक त्यास ‘दिवाणा’ म्हणत, आणि कारभार त्याचा वजीर सलाबतखान पाही. येथें आधीं बांधलेला वाडा राजाच्या मनास आला नाहीं, म्हणून तो पाडून पुन्हां बांधविला, अशी हकीकत आहे. हें दुसरें काम १५८३ सालीं पुरें झालें. आणि अवघ्या पांच वर्षांनीं मुर्तजाच्या मुलानेंच त्याचा जीव घेतला. इतकें सांगून आम्ही थांबलों. मुलें जांभया देत होतीं.

इतक्यांत एका कोपऱ्यांत गडबड झाली. एक मुलगा टोंकदार खडा घेऊन गिलाव्यावर आपलें नांव कोरीत होता, व त्याच्या आजोबांनीं त्याचें मनगट धरलें होतें. हे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, जातीनें व धंद्यानें गवंडी. मुलांवर लक्ष ठेवावयास एखादें वडील माणूस असावें म्हणून आम्हींच त्यांस बरोबर घेतलें होतें. ‘लेका,’ ते म्हणाले, ‘ही भिंत लोण्यावानी घोटलीया. घोटनाराच्या बोटाला फोड आले असतील. अन् तू तिला ओरबाडतो व्हय ?’

मग म्हातारबाबांनीं गिलाव्यावर तळहात ठेविला आणि सांगावयास सुरुवात केली. चुनखडी भट्टींत कशी भाजावी; कळीचा चुना पाण्यांत विझवून किती दिवस मुरत ठेवावा; बैल जुंपून दगडी चाकाच्या घाणींत वाळूबरोबर तो कसा मळावा; त्यांत गुळाचें पाणी, बेलफळ व हिरडा कां घालितात; थरावर थर देऊन लांकडी थापीनें कसा ठोकावा, व शेवटीं गुळगुळीत गोट्यानें घोटून त्याला आरशासारखें तेज कसें आणावें, हें सर्व त्यांनीं हातानें करून दाखवीत सांगितलें. ‘गुरुजी, सिमेट आठ-पंधरा दिसांत काय कडक व्हायचं ते व्हतं. चुना मातर हवा पिऊन पिऊन वरसानुवरसं घट व्हत जातो. चुन्याची भित श्वास घेती. तिच्यावर सिमेट थापलं का आतली ओल आतच कोंडती, अन् भित मरती.’

पाऊण तास झाला तरी एकहि मूल हललें नाहीं. आमच्या सनावळीनें जें झालें नाहीं तें एका निरक्षर माणसाच्या तळहातानें झालें. त्यांचा नातू तर आजोबांकडे असा पाहत होता, जणूं त्यानें त्यांस प्रथमच पाहिलें. ‘बाबा, ही विद्या तुम्हीं कोणाला शिकविली ?’ असें आम्हीं विचारलें. ते म्हणाले, ‘कुनाला शिकवू ? पोराला चुन्याचं काम मिळालं न्हाई, तो सिमेटवर गेला. नातवाला तर थापी धरायची लाज वाटती. हे आमच्यासंगट जायचं.’

वाचकहो, घरीं परतल्यावर आम्हीं शाळेचें दाखलपुस्तक उघडलें. त्या मुलाच्या नांवापुढें ‘पालकाचा धंदा’ या रकान्यांत आमच्याच अक्षरांत शब्द होता, ‘मजुरी’. मागचीं पानें चाळलीं. वीस वर्षांच्या नोकरींत आम्हीं गवंड्याच्या मुलापुढें मजुरी लिहिलें, सुताराच्या मुलापुढें मजुरी, वडाराच्या व कुंभाराच्या मुलापुढेंहि मजुरीच. कोणीं सांगितलें नव्हतें. लिहावयास शब्द सोपा, इतकेंच. चारशें वर्षें टिकणारी भिंत ज्याच्या बापजाद्यांनीं उभारली त्याची सारी विद्या आम्हीं एका शब्दानें पुसून टाकिली होती. त्या मुलानें गिलाव्यावर एक ओरखडा काढला. आम्हीं तर वीस वर्षें ओरखडे काढीत होतों. दोष त्याचा कीं आमचा, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां पाण्याची गोष्ट. आमचीं मुलें पाटपाण्याच्या मुलखांतलीं. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें व प्रवरेचें पाणी कालव्यांनीं आमच्या शिवारांत आलें. पाण्याची पाळी म्हणजे काय, व पाळी चुकली तर घरांत काय होतें, हें येथलें लहान पोरहि जाणतें. म्हणून तें कोरडें तळें पाहून एका मुलीनें विचारलें, ‘गुरुजी, एवढ्या तळ्याला पाणी कोठून येई ? आणि तेव्हां पाळी कोणाची होती ?’ पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें. नगर शहरास बाहेरच्या गांवांकडून जमिनीखालून नळ आणिलेले होते. मातीचे भाजलेले खापरी नळ एकांत एक बसवावयाचे, सांधे चुन्यानें बुजवावयाचे, उतार इतका बेतानें धरावयाचा कीं पाणी आपल्या पायांनीं चालत यावें, आणि जागोजागीं उच्छ्वास बांधावयाचे. नळ कुंभाराचा, चर वडाराचा, सांधा गवंड्याचा. पुढें निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें खडकीस, म्हणजे हल्लींच्या छत्रपती संभाजीनगरास, याच विद्येनें नहर आणिली. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर सोपें होतें, पण देतांना जीभ अडखळली. पाळी राजाची होती.

राजाच्या बागेस पाणी होतें. ती बाग शिंपणाऱ्याच्या शेतास होतें कीं नाहीं, हें कोणी लिहून ठेविलें नाहीं. जुन्या काळच्या कोणत्याहि वाड्याची बाग पाहा. मोटेचें चामडें ढोरानें कमावलेलें, मोट चांभारानें शिवलेली, नाडा मातंगानें वळलेला, चाक सुताराचें, कुसूं लोहाराचें, बैल कुणब्याचे, आणि वाफ्यांत दिवसभर वाकलेला माळी. इतक्या घरांचे हात एकत्र आले म्हणजे राजाच्या उशाला एक फूल येई. फूल कोणाला पोंचलें हें बखरींत सांपडतें. तें कोणीं वाढविलें हें सांपडत नाहीं.

परंतु एका माळ्याच्या घराण्याचें नांव सांपडतें, आणि तें आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच आहे. परततांना राहुरीजवळ १९६८ सालीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ लागलें. पाटीवर नांव होतें महात्मा फुले यांचें. आम्हीं मुलांस सांगितलें कीं, फुले हें या घराण्याचें मूळचें आडनांव नव्हे. पेशव्यांच्या वाड्यास फुलें पुरविण्याचें काम या घराण्याकडे होतें, म्हणून लोक त्यांस फुले म्हणूं लागले. म्हणजे मोठ्यांच्या वाड्याची चाकरी हीच त्यांची ओळख झाली. त्याच घरांतल्या जोतीरावांनीं नगरास येऊन मिस फॅरार बाईंची मुलींची शाळा पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यास आपली शाळा काढली. पुढें त्यांनीं बांधकामाचे ठेकेहि घेतले. दगड, चुना व मजूर यांची त्यांस प्रत्यक्ष माहिती होती. वाड्यास फुलें देणाऱ्या घराचें नांव आज शेतीच्या विद्येच्या वाड्यावर आहे. हें राजानें दिलें नाहीं. जोतीरावांच्या लेखणीनें व कष्टानें मिळविलें. मुलें फराबागेंत जितकीं गप्प झालीं नव्हतीं, तितकीं या पाटीपुढें झालीं.

आतां आक्षेपांचा विचार करूं. कोणी म्हणेल, हे वाडे रयतेच्या घामावर उठले, त्यांचें कौतुक कशाला ? वेठ किती झाली, दाम किती मिळाला, याचा हिशेब भिंत सांगत नाहीं हें खरें. राजाच्या मनास आला नाहीं म्हणून उभा वाडा पाडला, तेव्हां किती गवंड्यांच्या जन्माची मेहनत मातींत गेली, तेंहि ती सांगत नाहीं. पण राजाचा राग भिंतीवर काढणें म्हणजे मालकाचा राग त्याच्या सालदारावर काढण्यासारखें आहे. राजाचे दप्तर, नाणीं, तवारिखा मागें राहिल्या. आपल्या पूर्वजांची मागें राहिलेली सही ही भिंत एवढीच आहे. तीहि आपण खरवडली, तर ते कधीं होते याचा पुरावाच उरणार नाहीं.

दुसरा म्हणेल, तो राजा परधर्माचा, त्याच्या वाड्याशीं आम्हांस काय करावयाचें ? मालोजीराजे व शहाजीराजे यांनीं याच निजामशाहींत सरदारकी केली, हें त्यानें आठवावें. आणि गवंड्यापुरतें बोलावयाचें तर ओळंबा सरळ आहे कीं वांकडा, एवढेंच भिंतीस कळतें.

म्हणून आमच्या वाचकांस आमच्या चार सूचना आहेत.

पहिली, वाडे पाहावयास जा. बायकामुलांसह जा. पण राजाचें नांव ऐकून माना डोलवूं नका. दगड कोणत्या खाणीचा, चुना कसा मळला, पाणी कोठून आलें, हें विचारा. सांगणारास येत नसेल तर आपल्या गांवचा जुना कारागीर बरोबर न्या. त्याच्या दिवसाचा रोज बुडत असेल तर वर्गणी करून तो भरून द्या. वकील-डॉक्टरांस सल्ल्याचे पैसे देतों, मग विद्येचे यांस कां नकोत ?

दुसरी, भिंतीवर नांवें कोरणें बंद करा. संरक्षित स्मारकास इजा करणारास १९५८ च्या कायद्यानें, २०१० सालच्या दुरुस्तीप्रमाणें, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. पण कायद्याच्या भयानें थांबूं नका. ज्यानें ती भिंत घोटली त्यानें आपलें नांव कोठेंच लिहिलें नाहीं, याची लाज धरून थांबा.

तिसरी सरकारास. चुन्याच्या भिंतीस सिमेंटचीं ठिगळें लावूं नयेत. हें काम जाणणारे हात अजून खेड्यापाड्यांत आहेत. ते म्हातारे झाले आहेत. त्यांस योग्य रोजावर बोलवावें, प्रत्येकाच्या हाताखालीं दोन तरुण द्यावे, आणि ही विद्या चितेवर जाण्याच्या आधीं उतरून घ्यावी. वाडा सांभाळावयाचा व वाडा बांधणारास विसरावयाचें, हें फार दिवस चालणार नाहीं. विसरलेल्या विद्येनें पडकी कमान पुन्हां उभी राहत नाहीं.

चौथी आमच्या शिक्षकबंधूंस. आपापलीं दाखलपुस्तकें उघडून पाहा. पालकाचा खरा धंदा विचारा व तोच लिहा. हें काम फुकट आहे व आजच होण्यासारखें आहे. आम्हीं तें आपल्यापासून सुरू केलें आहे. जुनीं पानें बदलतां येत नाहींत, तीं आमच्या चुकीची साक्ष म्हणून तशींच राहतील. पण नव्या नोंदींत गवंडी, सुतार, कुंभार, माळी हे शब्द पुन्हां दिसूं लागले आहेत.

तो नातू परवां शाळेंत आला तो बोटाला पांढरा चुना लागलेलाच. आजोबांनीं परसांत एका जुन्या माठांत चुना मुरत घातला आहे, असें त्यानें सांगितलें. ‘किती दिवस मुरवायचा आहे ?’ आम्हीं विचारलें. ‘घाई करायची न्हाई, असं बाबा म्हनले,’ तो म्हणाला, आणि हात न धुतांच पाटी घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसला.