तळघरातली प्रार्थना

इंग्लंडमधल्या कँटरबरी कॅथेड्रलच्या तळघरात एक छोटं चॅपेल आहे. सोळाव्या शतकात धर्मछळामुळे घरदार सोडून आलेल्या फ्रेंचभाषक प्रॉटेस्टंट विणकरांना या तळघरात उपासनेसाठी जागा मिळाली. १६८५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने प्रॉटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारा नांतचा हुकूमनामा रद्द केला, तेव्हा आणखी कुटुंबं आली. माग चालू झाले, रेशीम विणलं गेलं, आणि परकी माणसं हळूहळू गावची झाली. तिथली फ्रेंच उपासना आजवर टिकून आहे. शेजाऱ्यावर स्वतःइतकंच प्रेम करावं, ही येशूची शिकवण. ती अशी जागा देण्यातूनच खरी होते. निर्वासिताला छप्पर तर हवंच. पण आपल्या मायबोलीत देवाला हाक मारता आली, की परमुलूखही आपला वाटू लागतो.