चूल विझू द्यायची नाही!



पाळी बुडाली की पहिला घाव चुलीवर बसतो. आठवड्यातून दोन-दोन दिवस साचे बंद, बदलीवाल्यानं दरवाज्यावरून घरी परतायचं, वाण्याची वही फुगलेली, पोराची फी थकलेली. हे आम्ही ऐकीव लिहीत नाही, आमच्याच घरातलं लिहितो. अशा वेळी शहाणी माणसं येऊन सांगतात, "धीर धरा." धीर काय वाण्याकडे मिळतो? किलोवर की पावशेरावर? आम्ही म्हणतो, धीर उसना मिळत नाही. आज्या-पणज्यांनी तो घरात ठेवलेला असतो. आपण काढून बघत नाही, एवढंच.

२२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. एका वर्षाला एक दिवस! गोऱ्या सरकारनं गोळ्या घातल्या, माणसं पडली. त्या माणसांपाशी होतं काय? ना फंड, ना भरपगारी रजा, ना पाठीशी मोठी युनियन. एका खोलीत दाटीवाटीनं पाळीपाळीनं झोपायचं आणि उरलेल्या पैशांची गावाकडे मनीऑर्डर करायची. त्या मनीऑर्डरीतला घास काढून त्यांनी देशाला दिला. देशप्रेम ही पोट भरलेल्यांची चैन आहे म्हणणाऱ्यांना आमचं हेच उत्तर आहे.

पुढं १९२८ साल. कमी माणसांत जास्त साचे चालवून घ्यायचा मालकांचा डाव होता. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. सहा महिने पगार नाही! ही माणसं तगली कशी? नुसत्या भाषणावर कुणी तगत नाही. कुणी कोकणात जाऊन भातलावणीला लागला, कुणी घाटावर जोंधळ्याच्या रानात राबला. खानावळवाल्या बायांनी उधारीवर जेवू घातलं. घरच्या लक्ष्मीनं अंगावरचं डोरलं मोडलं. गाव, खोली, खानावळ आणि लाल बावटा, या चार खांबांवर ते घर उभं राहिलं. एकट्या शूराचं ते काम नव्हतं.

पण घरचा इतिहास सांगायचा तर तो खोटा सांगून चालायचा नाही. त्याच काळात साचेखात्यात, जिथं मजुरी बरी, तिथं अस्पृश्य म्हणवलेल्या भावांना शिरू देत नसत. धागा तुटला की तो तोंडानं ओढून धोट्यातून काढावा लागे, आणि त्या धोट्याचा विटाळ मानणारे मालक नव्हते, आमच्यातल्याच कितीकांचे आजे होते! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पुढाऱ्यांना रोखठोक सुनावलं. तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात, संपावर बंधनं घालणाऱ्या कायद्याविरुद्ध, लाल बावट्याबरोबर उभे राहिले. यातला धडा सरळ आहे. चुलीचुलीत भेद असेल तर वाईट दिवसांत सगळ्याच चुली विझतात.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळ्या झेलायला गिरणगावच पुढं होतं. शंभरावर हुतात्मे झाले आणि १ मे १९६० ला, कामगार दिनीच, राज्य मिळालं. ते नकाशावरच्या रेघेसाठी नव्हतं. आपल्या भाषेत कारभार, आपल्या भाषेत न्याय, यासाठी होतं.

मग १८ जानेवारी १९८२ आलं. अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या, चिमण्या पडल्या, तिथं टोलेजंग इमारती उठल्या. आमचे बाप गप्प झाले. जिंकलेला आजा रोज रात्री गोष्ट सांगायचा, हरलेला बाप एक अक्षर बोलला नाही. पोरांनी शाळेत बापाचा धंदा "नोकरी" एवढाच लिहिला.

या गप्प बसण्याची किंमत आम्ही मोजली. गेल्या साली आमच्या खात्यातल्या एका भावाला इंग्रजीत छापलेल्या कागदावर सही करायला सांगितली. "रजेचा अर्ज आहे," म्हणाले. त्यानं केली. तो राजीनामा निघाला! त्याचा बाप ब्याऐंशीच्या संपातला. न वाचता कागदावर सही करायची नाही, आधी युनियनला दाखवायचा, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. पोराला सांगायचंच राहिलं.

म्हणून आमचं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. एक, घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा, आणि आजीला आधी विचारा, कारण संपात चूल तिनं चालवली. जे सांगतील ते वहीत उतरवा, हरलेलंसुद्धा. दोन, ज्याला पाळी मिळाली त्यानं न मिळालेल्याच्या घरी चार दिवसांचं पीठ पोचवावं, जात न विचारता. तीन, सहीचा प्रत्येक कागद मराठीत मागा. तो मिळेपर्यंत पेन उचलू नका!

आजे आमच्यापेक्षा दांडगे नव्हते. उपाशी तेही होते. पण उपाशी असताना एकमेकांना विसरले नाहीत. एवढंच आपल्याला वारशात आलंय, आणि एवढं पुरेसं आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!