दोरी हाती असावी

सुट्टीच्या दिवशी हौसेखातर खाडीवर चिंबोऱ्या पकडायला जाणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या हातातील नव्या साधनाविषयी. लोखंडी कड्याला जाळे बांधावे, मधोमध माशाचे डोके अडकवावे आणि दोरी धरून काठावर बसावे, ही साधी रीत. जाळे वर ओढीपर्यंत त्यावरील चिंबोरी मोकळीच असते. आता बाजारातून घडीचा नायलॉनचा पिंजरा येतो. संध्याकाळी टाकावा, सकाळी काढावा. मधल्या वेळेत घरी झोपावे.

ही सोय मला मुळीच मान्य नाही. पिंजऱ्याच्या निमुळत्या तोंडातून आत शिरलेल्या जीवाला सहसा बाहेर पडता येत नाही. दोरी तुटली वा भरतीने पिंजरा वाहून गेला, तर मालक चार दिवस हळहळतो आणि दुसरा विकत आणतो. हरवलेला पिंजरा मात्र आपले काम थांबवीत नाही. आतली चिंबोरी मरते, तिच्या वासाने दुसरी येते, तीही मरते. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही. ही मासेमारी कोणासाठी चालते?

‘दोन-चार पिंजऱ्यांनी काय बिघडते?’ असे विचारणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथे हा छंद घरोघरी आहे, म्हणूनच नियमही कडक आहेत. वॉशिंग्टन राज्यात हौशी माणसालाही पिंजऱ्याला सुती दोरी वापरावी लागते. पिंजरा हरवल्यास ती कुजते आणि कैद्यांना वाट मिळते. मेरीलँडमध्ये किनाऱ्यावरील घरमालकाला दोनच पिंजरे टाकता येतात, आणि त्यांच्या तोंडाशी कासवे अडविणारी चौकट लागते. कारण हवेवर जगणारे कासव आत बुडून मरते. आपल्या तिवरांतील पाणसापांनाही श्वास घ्यायला वर यावेच लागते.

आपण कायद्याच्या बडग्याची वाट कशाला पाहावी? शक्यतो कड्याचे जाळेच घ्यावे. पिंजराच हवा असेल तर मोठ्या आसाचा घ्यावा, म्हणजे पिल्ले निसटतील. त्याचे दार साध्या सुती दोऱ्याने बांधावे आणि त्याच भरती-ओहोटीत तो वर काढावा. पोटाखाली अंडी धरलेली मादी तत्काळ पाण्यात सोडावी.

आणि ज्याला सापळ्यापाशी बसायला सवड नाही, त्याने हा शौक सोडावा. त्याने बाजारात कोळणीकडून चिंबोरी विकत घ्यावी. तिचे पोट भरेल, आणि खाडीत एक बेवारस पिंजरा कमी होईल.