भाकीत गुणवत्तेचे नव्हे, संघांच्या कलाचे

अमेरिकेतील एनएफएल ड्राफ्टमध्ये 32 संघ सात फेऱ्यांत महाविद्यालयीन फुटबॉलपटू निवडतात. कोण कितव्या क्रमांकावर जाईल, याची भाकिते त्याआधी कित्येक महिने रंगतात. ती गुणवत्तेचा पुरावा मानणे चूक आहे. त्यांतून कळतो तो फार तर संघांचा कल. तोही ओळखण्यात ती हुकतात. 2025 मध्ये शेदूर सँडर्स हा खेळाडू पहिल्या फेरीत जाईल, असे अनेक जाणकार सांगत होते. त्याची निवड पाचव्या फेरीत, 144 व्या क्रमांकावर झाली. आणि संघांचा कल तरी कुठे अचूक असतो? 1998 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला रायन लीफ अपयशी ठरला, तर 2000 मधील 199 व्या क्रमांकाच्या टॉम ब्रेडीने सात सुपर बोल (एनएफएलचे अंतिम सामने) जिंकले.

हे अपवाद आहेत, असा आक्षेप येईल. सरासरीने वरच्या क्रमांकावर निवडलेले खेळाडू सरस ठरतात, हे खरेच. पण केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांच्या अभ्यासानुसार, त्याच स्थानावर खेळणाऱ्या, लगेच नंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षा आधीचा सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीहून किंचितच अधिक असते. म्हणूनच एका नावासाठी आपल्या अनेक निवडी दुसऱ्या संघाला देऊन टाकणाऱ्या संघापेक्षा निवडींची संख्या वाढवणारा संघ शहाणा.