साहसाची सरकारी प्रतवारी

रविवारी कारखान्यांच्या मालमोटारी थंडावल्या की चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतले रुंद रस्ते दुचाकीचे पुढचे चाक आकाशाकडे उचलून धावणाऱ्या पोरांच्या ताब्यात जातात, हे या स्तंभाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. नवे एवढेच की, या आठवड्यात परिसरातील काही प्रतिष्ठितांनी त्या पोरांच्या कायमच्या बंदोबस्तासाठी एक कडक अर्ज सिद्ध करून सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. हेतू वाईट नव्हता. परंतु अर्जावर ज्यांची पहिली सही, त्याच सद्गृहस्थांची हात जोडलेली छबी येत्या गोकुळाष्टमीच्या 'भव्य' दहीहंडीच्या फलकावर, बक्षिसाच्या आकड्याशेजारी, चौकात झळकते आहे, हे आठवले आणि माझी लेखणी अर्जावरून उठून येथे आली.

अशा पोरांविषयी आपण किती झटपट निवाडा करतो, हे पाहायचे तर सुलीभंजनची गोष्ट आठवावी. एकनाथमहाराजांनी जेथे अनुष्ठान केले असे परंपरा सांगते, त्या डोंगरावरील दत्तमंदिराच्या परिसरात 17 जून 2024 रोजी एक तेवीस वर्षांची तरुणी मोटार चालवून पाहत होती आणि तिचा मित्र चित्रण करीत होता; गाडी मागे सरकू लागली, वेग वाढला, तो 'क्लच, क्लच' असे ओरडत राहिला आणि गाडी तिच्यासह दरीत गेली. पुढच्याच महिन्यात रायगड जिल्ह्यातील कुंभे धबधब्यापाशी चित्रण करताना आणखी एक तरुणी दरीत कोसळली. या दोघींच्या वाट्याला समाजाकडून आले ते 'रीलचे वेड' एवढेच. सुलीभंजनला वेडापेक्षा अननुभव अधिक होता, हा विचार करण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

आता दहीहंडीकडे या. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली थरांना वीस फुटांची आणि गोविंदांना अठरा वर्षांची मर्यादा घातली, सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली ती कायम ठेवली, आणि 2017 साली उच्च न्यायालयानेच उंचीचा प्रश्न विधिमंडळाच्या अखत्यारीतला ठरवून हात काढून घेतला. चौदा वर्षांखालील मुलांना चढू देणार नाही, एवढी हमी सरकारने दिली. जोगेश्वरीच्या 'जय जवान' पथकाने तर 2012 सालीच ठाण्यात नऊ थर लावून 43.79 फुटांचा जागतिक उच्चांक केला होता, म्हणजे पुढे न्यायालयाने आखलेल्या हद्दीच्या दुपटीहून अधिक. अखेर ऑगस्ट 2022 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि थरावरून पडून मृत्यू आल्यास वारसांना दहा लाखांची तजवीज झाली. मृत्यूची शक्यता सरकारदरबारी मान्य झाली, तिचा दर ठरला, आणि उत्सव निर्वेध झाला!

गोविंदांविषयी मला आकस नाही. गुरुपौर्णिमेपासून रात्र रात्र सराव करणारी, तळाच्या थरात कोणाचा खांदा कोठे लागावा याचा काटेकोर हिशेब ठेवणारी ही पोरे माझ्या कौतुकास पात्र आहेत. पण धोका, तारुण्य, प्रेक्षक आणि कॅमेरा ही चारही उपादाने गोविंदा आणि दुचाकीवरची पोरे या दोन्हीकडे सारखीच असताना, एकाच्या पाठीशी प्रशिक्षक, दोर, विमा आणि शासनाचा वरदहस्त असावा आणि दुसऱ्याच्या पाठीशी केवळ पोलिसांची काठी, या भेदाचे कारण मला धोक्याच्या प्रमाणात कोठेही सापडत नाही. ते सापडते व्यासपीठात. गोविंदाच्या थरासमोर पुढाऱ्याला हार घालून बसता येते; चाक उचलून धावणाऱ्या दुचाकीवर मागे बसण्याची मात्र त्याची तयारी नसते.

आता वाचक म्हणतील, हा गृहस्थ पुन्हा मैदानावर येणार; येतोच. या शहरात मोकळी दिसलेली प्रत्येक जागा लग्नाच्या लॉन्सने किंवा वाहनतळाने गिळली, आणि रस्त्यावरची पोरे हे त्याचेच फळ आहे, असा माझा जुना ग्रह आहे. पुरावा मागाल तर माझ्यापाशी नाही. तरीही औद्योगिक वसाहतीतला एखादा पडीक भूखंड कुंपण घालून, शिरस्त्राण सक्तीचे करून, एखाद्या जाणत्या चालकाच्या देखरेखीखाली या पोरांना रविवारपुरता द्यावा, असे मी त्या सद्गृहस्थांना सुचवले. त्यांनी मन लावून ऐकले, आणि विचारले, 'उद्घाटनाला कोणाला बोलवायचे?'