जमीन कुटुंबाची, बांधकामाचा हक्क कायमचा सोडलेला

शहराच्या वेशीवर आलेली वडिलोपार्जित शेती टिकवायची कशी, या प्रश्नावर अमेरिकेत गेल्या अर्धशतकात एक कायदेशीर तोड रूढ झाली आहे. न्यूयॉर्क राज्यातील सफोक परगण्याने १९७४ मध्ये शेतकऱ्यांकडून जमिनीऐवजी केवळ विकासहक्क विकत घेण्याची योजना आखली. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९८० मध्ये याच हेतूने विश्वस्त संस्था स्थापन झाली.

'संवर्धन सुविधाधिकार' असे या व्यवस्थेस म्हणता येईल. मालकी कुटुंबाकडेच राहते. जमीन कसता येते, विकता येते, वारसांना देता येते. मात्र भूखंड पाडण्याचा हक्क कायमचा संपतो व हे बंधन पुढील प्रत्येक मालकावर राहते. समजा, बाजारभावाने दहा लाख डॉलरची जमीन या बंधनानंतर सहा लाखांची ठरली, तर चार लाख हे सोडलेल्या हक्काचे मूल्य होय. ते दान केल्यास प्राप्तिकरात वजावट मिळते. २०१५ मध्ये कायम झालेल्या तरतुदीनुसार, पात्र शेतकऱ्यास ही वजावट पूर्ण उत्पन्नाइतकी घेता येते व उरलेली रक्कम १५ वर्षे पुढे ओढता येते. हक्क विकल्यास रोख रक्कम हाती येते. शेती न करणाऱ्या भावंडांचा वाटा त्यातून चुकता करता येतो, आणि वाटणीत शेत मोडण्याची वेळ टळते. खरे तर याच ठिकाणी ही व्यवस्था सर्वाधिक उपयोगी पडते.

तथापि, आजच्या पिढीची सही न जन्मलेल्या नातवंडांना बांधते, हा आक्षेप गंभीर आहे. गैरवापरही झाला. गुंतवणूकदारांच्या भागीदाऱ्यांनी जमिनीचे मूल्य फुगवून अवाच्या सवा वजावटी घेतल्या; अखेर २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने त्यांच्यावर मर्यादा घातली.

ही व्यवस्था भारतात जशीच्या तशी आणणे कठीण आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात असा अधिकार दुसऱ्या एखाद्या जमिनीच्या उपभोगासाठीच असतो. जमीन नसलेल्या संस्थेस तो धारण करता येत नाही. शिवाय शेती उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही आणि मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील कर १९८५ मध्येच रद्द झाला. त्यामुळे केवळ शेतीवर जगणाऱ्या कुटुंबास करसवलतीचे आमिष दाखवण्याजोगे फारसे काही उरत नाही. येथे सरकारला हक्काचे पैसेच मोजावे लागतील.