मिठाची परीक्षा कोणी करावी?

घरांतील काचेच्या पेटींत प्रवाळ आणि समुद्रांतील रंगीत मासे पाळणारी हौशी मंडळी आतां आपल्याकडेही दिसूं लागली आहे. या पेटीस समुद्राचें पाणी लागतें, आणि तें बहुधा कारखान्यांत सिद्ध केलेलें मीठ गोड्या पाण्यांत विरघळवून तयार करतात. कारखानदार नव्या मिश्रणाच्या पिशव्या कांहीं निवडक हौशी लोकांस फुकट देतात व ‘वापरून पाहा आणि अभिप्राय कळवा’ असें सांगतात. या प्रथेविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हा निव्वळ पोरखेळ आहे. मिठाची परीक्षा प्रयोगशाळेनें करावी. दुसरा पक्ष म्हणतो, यापरती सामान्य माणसाच्या हातून घडणारी शास्त्रसेवा नाहीं. आमच्या मतें पहिला पक्ष हौशी माणसास ओळखत नाहीं, आणि दुसरा पक्ष शास्त्रास ओळखत नाहीं.

परंतु या दोघांच्या आधीं आमच्या रत्नागिरीकरांच्या एका आक्षेपास उत्तर दिलें पाहिजे. ‘समुद्र दारांत असतां मीठ विकत आणण्याचें हें कसलें खूळ?’ असें ते विचारतात. प्रश्न सरळ आहे, पण तो विचारणारानें आषाढांत भाट्याच्या खाडीच्या मुखाशीं उभें राहून पाहावें. काजळी नदीचें तांबडें पाणी तेथें समुद्रास मिळत असतें. ज्या जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, तेथें किनाऱ्याजवळच्या पाण्याचा खारेपणा व स्वच्छता बारमाही सारखी राहील कशी? खाडींतील कोळंबी हा फेरफार सोसते. प्रवाळास तो सोसत नाहीं. मालवणजवळ आणि विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या आंग्रिया बँकेवर प्रवाळ जगतात. पण म्हणून किनाऱ्यावरून भरून आणलेली प्रत्येक घागर त्यांस मानवेल असें नव्हे. तेव्हां समुद्राकाठीं राहूनही मीठ विकत घेणारा माणूस खुळा ठरत नाहीं.

आतां प्रयोगशाळेचा कैवार घेणाऱ्यांकडे वळूं. समुद्राच्या पाण्याचें मर्म प्रयोगशाळेनेंच उलगडलें, हें कोण नाकारील? चॅलेंजर जहाजानें १८७२ ते १८७६ या काळांत निरनिराळ्या महासागरांतून गोळा केलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचें पृथक्करण विल्यम डिटमार यांनीं १८८४ सालीं प्रसिद्ध केलें. पाणी कमीअधिक खारट असलें तरी त्यांतील मुख्य क्षारांचें परस्परांशीं असलेलें प्रमाण जवळजवळ एकच असतें, असें त्यांतून ठरलें. एक किलोग्रॅम सागरजलांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत मॅग्नेशियम सुमारें १.३ ग्रॅम आणि कॅल्शियम सुमारें ०.४ ग्रॅम. कारखान्यांतील मिठास आजही हीच कसोटी लावतात. पण त्याच्याही तीस वर्षें आधीं, १८५४ सालीं, फिलिप हेन्री गॉस या निसर्गप्रेमी गृहस्थानें चार क्षार एकत्र करून समुद्राचें पाणी घरीं बनविलें, त्यांत आधीं समुद्रवनस्पती व मग प्राणी ठेवून पाहिले, आणि क्षारांचीं वजनें छापून जगास देऊन टाकलीं. हौसेनें केलेल्या कामास पोरखेळ म्हणणारांनीं हें विसरूं नये.

शिवाय प्रयोगशाळा सांगते ती एका पिशवींतील, एका दिवसाची, कोरड्या खोलींतील हकीकत. समुद्रमिठांतील मॅग्नेशियमचे व कॅल्शियमचे क्षार हवेंतील ओल झपाट्यानें ओढून घेतात. श्रावणांत रत्नागिरीस उघडलेल्या पिशवींतून शंभर ग्रॅम मीठ तोललें, तर त्यांतील कांहीं भाग पाण्याचाच भरतो, आणि द्रावण ठरल्यापेक्षां कमी खारट होतें. वाहतुकींत हेलकावे खाऊन जाड व बारीक कण वेगळे झाले, तर पिशवीचा वरचा थर आणि तळ एकसारखे राहतीलच असें नाहीं. मिठावर थोडेंसेंच पाणी ओतलें, तर चुना गोठून पांढरा साका बसतो व पाण्यांतील कॅल्शियम कमी होतें. मिठाचे हे गुणदोष चार हवामानांत, चार घरांत, महिनोन्‌महिने वापरणारासच कळतात. कोंकणांतील आणि विदर्भांतील हौशी माणूस एकच मीठ एकाच महिन्यांत पाहील, तर कोणत्याही एका प्रयोगशाळेस न मिळणारें ज्ञान हातीं येईल.

म्हणून काय दुसरा पक्ष जिंकला? मुळींच नाहीं. आज चाललेल्या परीक्षेंत परीक्षक फुकट मीठ घेतो, आणि आपल्या भाषेंत खाल्ल्या मिठास जागण्याची रीत आहे! पिशवीवर कारखान्याचें नांव असतें. तुलनेला दुसरें मीठ नसतें. त्याच महिन्यांत दिवा बदललेला असतो, मासे वाढलेले असतात. आणि ‘प्रवाळ छान खुलले’ हा अभिप्राय होतो. तो अनुकूल असला तर जाहिरातींत झळकतो, प्रतिकूल असला तर कारखानदाराच्या खणांत पडून राहतो. जेथें अपयश छापलें जात नाहीं, तेथें यशाला साक्षीची किंमत उरत नाहीं. ही शास्त्रसेवा नव्हे, ही बिनपगारी विक्रेगिरी आहे.

याहून चांगली रीत अशक्य आहे काय? अमेरिकेंत २००२ सालीं रोनाल्ड शिमेक या प्राणिशास्त्रज्ञानें हौशी लोकांच्या पेट्यांतील पाणी प्रयोगशाळेंत तपासून घेतलें व त्याचे आंकडे सर्वांपुढें मांडले. त्याच्या निष्कर्षांवर पुढें कडाक्याचा वाद झाला, इतरांनीं उलट पृथक्करणें पुढें आणलीं. पण वाद होऊं शकला तो आंकडे उघड होते म्हणून! गॉसनेंही वजनें लपविलीं नव्हतीं. हौशी माणसाच्या प्रयोगाला शास्त्राची पदवी मिळते ती या उघडेपणानें.

तेव्हां आमचें मागणें थोडक्यांत असें. परीक्षकास मिळणाऱ्या पिशवीवर नांव नसावें, केवळ अंक असावा. दोन निरनिराळीं मिठें एकाच वेळीं, एकाच घरांत तपासावीं. मीठ तोलून थांबूं नये; तयार पाण्याचा खारेपणा मोजावा, आणि मोजण्याचें उपकरण ३५ च्या प्रमाणद्रावावर आधीं पडताळून घ्यावें. पहिले कांहीं आठवडे पाण्यांत एकही जीव नसावा. पाषाणप्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान आहे. ज्या जिवास कायद्यानें वाघाच्या पंक्तीस बसविलें, त्यास मिठाची चव पाहण्याचें साधन करणें हा कायद्याचा तसाच विवेकाचाही भंग होय. आणि शेवटचें, पण सर्वांत महत्त्वाचें: सगळे निकाल, वाईट ते देखील, कारखानदाराच्या परवानगीवांचून प्रसिद्ध व्हावे.

हें काम करावयास रत्नागिरीसारखी जागा नाहीं. झाडगांवास सागरी जीवशास्त्राचें संशोधन केंद्र व त्याचें मत्स्यालय आहे. शिरगांवास १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. बाहेर पाऊस आहे, ओल आहे, आणि पडताळ्यास साक्षात्‌ समुद्र आहे. या संस्थांनीं अंकांच्या पिशव्या वांटाव्या व टिपणें गोळा करावीं. हौशी मंडळींनीं मोजमाप करावें. कारखानदारानें मीठ पुरवून बाजूस उभें राहावें. हें त्यास मान्य नसेल, तर हौशी माणसानें फुकटची पिशवी परत करावी. मिठाला जागावयाचेंच असेल, तर तें कारखान्याच्या कां? समुद्राच्या मिठाला जागावें.